चौकशी अहवालाची ३८ पानं

‘प्रकरण तपासाधीन आहे.’ कुलगुरूंवरच्या चौकशीचा अहवाल मी माहिती अधिकारात मागितला, त्यावर विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्यानं हे तीन शब्द मला लेखी कळवले, तेव्हा चौकशी संपून चार महिने झाले होते. समितीनं अहवाल दिला होता, तो व्यवस्थापन परिषदेपुढे गेला होता, परिषदेनं त्याची ‘नोंद घेतली’ होती. हे सगळं छापूनही आलं होतं. तरी तपासाधीन! तो कागद आठवला की आजही संताप येतो.

मी उपनगरातल्या एका छोट्या मराठी साप्ताहिकाची बातमीदार. विद्यापीठ मुंबईतलंच, नाव घेत नाही. कुलगुरूंवर आरोप दोन होते. निवासस्थानाच्या दुरुस्तीचं काम तुकडे पाडून निविदेविना दिलं, आणि दोन पदं जाहिरात न देता भरली. अधिसभेत (सिनेटमध्ये) एका सदस्यानं प्रश्न विचारला आणि पहिली बातमी आम्ही दिली. मग मोठ्या दैनिकांनी उचलली, फाटकावर घोषणा झाल्या, समिती बसली. ‘अहवाल सादर’ अशी एक कॉलमी बातमी आली आणि त्यानंतर सगळीकडे शांत.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन पेपर तपासणीत निकाल रखडले, तेव्हा पेपरांनी तो विषय महिनोन्महिने लावून धरला होता. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी, म्हणजे कुलपतींनी, कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. तिथे लाखो मुलांचे निकाल अडकले होते. एका बंगल्याच्या दुरुस्तीच्या बिलांसाठी मोठ्या पेपरांत रोज जागा मिळत नाही, हे मला समजतं. पण त्या विद्यापीठात शिकणारी मुलं आमच्या वस्तीतली आहेत. भाजी घेताना त्यांच्या आया मला थांबवायच्या, “ताई, त्या चौकशीचं पुढे काय झालं हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संपादकांनी स्पष्ट सांगितलं, अहवाल हातात आल्याशिवाय एक ओळ छापणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. बदनामीचा खटला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, आमच्यासारख्या पेपराला झेपत नाही. म्हणून माहिती अधिकार.

अर्ज करणं सोपं आहे. नियमांतला अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र ‘अ’, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही शब्दमर्यादा २०१२ पासून आहे आणि ती मोजणारे बाबू आहेत, तेव्हा आधी आपण मोजा. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका.

महिना उलटून गेला तरी काही नाही. मग ते पत्र. कलम ८(१)(ज) अन्वये, म्हणजे तपासात अडथळा येईल म्हणून, माहिती नाकारण्यात येत आहे, कारण प्रकरण तपासाधीन आहे. कोणता तपास, कोण करतंय, कधी सुरू झाला, काही नाही. मी दुसऱ्या दिवशी तडक गेले. माहिती अधिकारी मीटिंगमध्ये. पुढच्या आठवड्यात गेले तर रजेवर. तिसऱ्या खेपेला भेटले, आणि बसायलाही न सांगता म्हणाले, “मॅडम, तुम्ही प्रेसवाले, तुम्हाला वरूनच माहिती मिळेल.” मी म्हटलं, अर्ज प्रेसनं केलेला नाही, एका नागरिकानं केलाय. (हे विसरण्याआधी सांगते: कायद्यातलं कलम ३ नागरिकाला हक्क देतं. पेपरच्या लेटरहेडवर अर्ज करू नका, परत करायला निमित्त मिळतं. आणि माहिती कशाला हवी हे कलम ६(२) प्रमाणे सांगावं लागत नाही. विचारलं तरी सांगू नका.)

चौथ्या खेपेला तिथल्या एका लिपिक ताईंनी हळूच सांगितलं की माझ्या अर्जावर कुलगुरूंना त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस गेली होती आणि त्यांनी हरकत घेतली. म्हणजे ज्यांच्यावरचा अहवाल, त्यांनाच विचारलं की देऊ का! कलम ११ मध्ये अशी नोटीस काढायची तरतूद आहे, ते मान्य. पण हरकत आली म्हणून माहिती आपोआप बंद होत नाही. हरकत ऐकून, जनहित तोलून, निर्णय माहिती अधिकाऱ्यानं स्वतः घ्यायचा असतो. माझ्या पत्रात नोटिशीचा उल्लेखही नव्हता. दर खेपेला दीड तास लोकलमध्ये उभं राहून जायचं आणि उत्तर एकच, साहेब बघतील. त्या महिन्यात मी घरी सगळ्यांवर चिडत होते.

प्रथम अपील ३० दिवसांत करायचं असतं, २० रुपयांचा स्टँप, जोडपत्र ‘ब’. अपील ऐकणारे विद्यापीठाचेच वरिष्ठ अधिकारी, म्हणून लोक म्हणतात उपयोग नाही, थेट राज्य माहिती आयोगाकडे जा. मी म्हणेन, करा. आयोगाकडचं दुसरं अपील कितीही लांबू शकतं. प्रथम अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत द्यावा लागतो.

सुनावणीत मी दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगतसिंग प्रकरणातला निकाल छापून नेला होता. त्यात स्पष्ट आहे की चौकशी चालू आहे एवढं म्हणणं पुरेसं नाही, माहिती दिल्यानं चौकशीत अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. अपिलीय अधिकाऱ्यांनी विचारलं, अडथळा काय? माहिती अधिकाऱ्यांनी पवित्रा बदलला. आता ‘ज’ नाही, ‘ञ’ म्हणजे वैयक्तिक माहिती, आणि सरकारी नोकराच्या सेवेची माहिती वैयक्तिक ठरवणारा, गिरीश देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल. तो मी वाचला होता. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे त्याच निकालात आहे. आणि विद्यापीठाच्या पैशानं झालेली दुरुस्ती कोणाची वैयक्तिक बाब कशी? हे बोलताना माझा आवाज कापत होता, पण बोलले. (२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ‘ञ’ आणखी आवळलाय. जनहिताचं कलम ८(२) मात्र शाबूत आहे. अर्जात ते पहिल्यापासून लिहा.)

शिवाय पाकीट. पत्रावर तारीख अठ्ठाविसाव्या दिवसाची, पण पोस्टाचा शिक्का छत्तिसाव्या दिवसाचा. मी पाकीट जपून ठेवलं होतं. उत्तराची ३० दिवसांची मुदत टळली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. पाकिटं फेकू नका, मी हात जोडून सांगते.

आदेश आला: अहवाल द्या, साक्षीदारांची नावं झाकून द्या, फाइल पाहू द्या. ३८ पानं. दोन रुपये पानाप्रमाणे ७६ झाले असते, ते घेतले नाहीत. चर्चगेटहून गाडीत बसले आणि अंधेरी येईपर्यंत वाचून काढला. दुरुस्तीच्या कामात निविदा प्रक्रिया डावलल्याचा ठपका होता. नेमणुकांबाबतचा आरोप समितीला सिद्ध झालेला आढळला नव्हता.

आम्ही दोन्ही छापलं, सारख्याच टाइपात. कुलगुरूंकडे खुलासा मागितला, त्यांनी दोन ओळी पाठवल्या, त्याही शब्दशः दिल्या. नेमणुकांबद्दल आमच्याच पहिल्या बातमीत जास्त ठाम लिहिलं गेलं होतं, त्याची दुरुस्ती पहिल्या पानावर दिली. अंक निघाला त्या दिवशी स्टॉलवर दुपारपर्यंत एकही प्रत उरली नाही, आणि मला खूप बरं वाटलं.

आणखी एक. नुसता ‘अहवाल’ मागू नका. अहवालाचा आवक क्रमांक, तो कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, त्यावरची टिपणी, आणि फाइलची पाहणी, असं मागा. मी पाहणी मागितली म्हणून एक पान डोळ्यांनी बघता आलं. अहवाल प्रसिद्ध करण्याची गरज नाही असा शेरा, खाली सही. त्याची प्रत मात्र दिली नाही, म्हणाले आदेशात फक्त अहवालाच्या प्रती आहेत. त्या एका पानासाठी नवा अर्ज टाकलाय. येत्या १४ तारखेला ३० दिवस पुरे होतात.