पोलिसांवरच्या देखरेखीत आपला माणूस कुठे बसतो?

पोलिसांवर स्थानिक लोकांचा अंकुश हवा, ही मागणी गोव्यात नवी नाही आणि ती रास्तच आहे. पोलीस हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. पणजी महापालिका असो की वाळपईची नगरपालिका, पोलीस स्थानकावर तिचा अधिकार चालत नाही. वरचे आयपीएस अधिकारी अगमुट केडरचे, म्हणजे अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या सामायिक अधिकारी-ताफ्यातले. आज पणजीत असलेला अधिकारी उद्या दिल्लीत किंवा अरुणाचलात जातो, आणि त्या केडरचे नियंत्रण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असते. मग गावाचे, शहराचे म्हणणे मांडायचे कोणी?

त्यासाठी एक जागा आधीच राखून ठेवलेली आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस स्थानकात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला आणि त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर समिती नेमायला सांगितली. तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक आहेत, तसाच जिल्ह्यातल्या एखाद्या पालिकेचा प्रमुख किंवा ग्रामीण भागासाठी जिल्हा पंचायतीचा अध्यक्षही आहे. लोकांनी निवडून दिलेला माणूस थेट देखरेखीत! कॅमेरे चालू आहेत का हे पाहणे, राज्य पातळीवरच्या देखरेख समितीला दरमहा अहवाल पाठवणे ही या समितीची कामे. शिवाय कोणी तक्रार केली नसली तरी चित्रण तपासून मानवी हक्कांचा भंग झाला का हे पाहणेही तिच्याकडेच आहे. माझ्या मते हे शेवटचे काम सगळ्यात मोलाचे, कारण मार खाल्लेला माणूस बहुधा गप्पच बसतो.

कॅमेरे नुसते दारावर असून भागत नाही. कोठडी, मार्गिका, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, ड्युटी ऑफिसरची खोली, मागची बाजू, शौचालयाबाहेरचा भाग, सगळे टिपले गेले पाहिजे, तेही आवाजासह आणि रात्रीही दिसेल असे. साठवण १८ महिन्यांची. तेवढी सोय बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त शक्य तितकी, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. बिघाड झाला तर स्थानकाच्या प्रमुखाने समितीला ताबडतोब कळवायचे असते.

पोलीस स्थानकात अन्याय झालेल्या माणसाचे प्रकरण फसते ते उशिरामुळे. चित्रण पुसले गेले की उरतो फक्त शब्दाला शब्द. म्हणून घटना घडल्यावर दोन-तीन दिवसांत पोलीस अधीक्षकांना अर्ज द्यावा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. ‘त्या दिवसाचे फुटेज द्या’ एवढेच लिहू नये. तारीख, ‘सायंकाळी ७.१० ते ९.३०’ अशी वेळ, ‘व्हरांडा आणि कोठडीबाहेरची मार्गिका’ अशी जागा लिहून ‘हे चित्रण आवाजासह जतन करावे’ अशी मागणी करावी. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. माहिती हक्काखाली चित्रणाची प्रत मागितली की तपासाचे कारण देऊन नकार येऊ शकतो. म्हणून आधी जतन, मग प्रत. अंगावर जखमा असतील तर सरकारी इस्पितळात त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

अर्ज मराठीतून चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठीच्या वापराला मुभा आहे. मोडक्या इंग्रजीत लिहून तपशील गमावण्यापेक्षा पेडणे-डिचोलीच्या माणसाने स्वच्छ मराठीत लिहावे.

दुसरे दार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचे. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निकालानंतर ते आले. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, घर-जमीन बळकावणे, अधिकाराचा गंभीर गैरवापर या तक्रारी त्या निकालाने अशा प्राधिकरणांकडे सोपवल्या. पोलिसांनी गुन्हाच नोंदवला नाही तर मात्र वाट वेगळी: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार अधीक्षकांकडे, तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. प्राधिकरणाची खरी अडचण ही की त्याला राज्याच्या स्वतंत्र पोलीस कायद्याचा आधार नाही. २००८ चे गोवा पोलीस विधेयक कायदा होऊ शकले नाही. न्यायालयाने प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक म्हटली आहे, पण कायद्याच्या बळाअभावी ती खात्याच्या टेबलावर पडून राहू शकते. आमदारांकडे मागायचे ते हे विधेयक.

नगरसेवक आणि जिल्हा पंचायत सदस्यांकडे मागायचे वेगळे. १० रुपये शुल्क भरून जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती हक्काचा अर्ज द्या. त्यात चार प्रश्न पुरे: जिल्हा देखरेख समितीच्या नेमणुकीचा आदेश, त्यात लोकप्रतिनिधी कोण, गेल्या वर्षातल्या बैठकांची इतिवृत्ते, आणि बंद कॅमेऱ्यांची स्थानकवार यादी. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ते हातात घेऊन पुढच्या ग्रामसभेत किंवा पालिकेच्या बैठकीआधी आपल्या प्रतिनिधीला विचारा, तुम्ही शेवटचे चित्रण कधी तपासले?