तापाचा कितवा दिवस?

क्लोरोऑरिक आम्लाचे फिकट पिवळे पाणी उकळत ठेवून त्यात सायट्रेट घातले की ते आधी रंगहीन होते, मग शाई सांडल्यासारखे काळपट दिसू लागते आणि बघता बघता कोकम सरबतासारखे गर्द लाल होते. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील रॅपिड टेस्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात मी हा रंगबदल पाहिला. हे लाल पाणी म्हणजे सोनेच असते, साधारण ४० नॅनोमीटर आकाराच्या कणांचे. मलेरिया किंवा डेंग्यूच्या रॅपिड टेस्टवर जी लालसर रेषा उमटते, ती या सोन्याची असते. आजही नवे द्रावण तयार होताना मी हातातले काम बाजूला ठेवून ते पाहते.

सोने तयार झाले म्हणजे काम झाले असे नव्हे. या कणांवर प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनाला धरून ठेवणारी अँटिबॉडी, चढवावे लागते आणि ते किती चढवायचे हे मिठाच्या परीक्षेने ठरते. ओळीने दहा कुप्या मांडायच्या, प्रत्येकीत तेवढेच सोने घ्यायचे, प्रतिपिंडाचे प्रमाण मात्र एकेका कुपीत वाढवत न्यायचे आणि शेवटी सर्वांत मिठाचे पाणी सोडायचे. जिथे प्रतिपिंड अपुरे पडले तिथे कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग जांभळा, मग निळा होतो. जी पहिली कुपी लाल राहते तिच्यावरून किमान मात्रा कळते. महागड्या यंत्रांनी भरलेल्या प्रयोगशाळेत हा निर्णय आजही डोळ्यांनी आणि चिमूटभर मिठाने घेता येतो, याचे मला विशेष वाटते.

पट्टीची रचना सांगायला सोपी आहे. एका टोकाला रक्त किंवा रक्तद्रव आणि बफरचे, म्हणजे चाचणीबरोबर येणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकले की ओलावा वाटेतले वाळवून ठेवलेले सोने बरोबर घेत नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवरून पुढे सरकतो, जशी दिव्याची वात तेल ओढते. पट्टीवर आडवी ओढलेली प्रतिपिंडाची एक अदृश्य रेघ असते. रक्तात रोगजंतूचे प्रथिन असेल तर ते एका बाजूने सोन्याच्या कणाला आणि दुसऱ्या बाजूने या रेघेला धरून राहते, कण तिथे साचतात आणि रेषा दिसू लागते. पुढची कंट्रोल रेषा एवढेच सांगते की ओलावा पोहोचला आणि सोने अजून कामाचे आहे. नमुन्यात रक्त पडले होते की नुसता बफर, हेदेखील बहुतेक पट्ट्यांची कंट्रोल रेषा सांगू शकत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गोव्यात हे काम करताना खरा सामना पावसाळ्याशी असतो. जुलैत बाहेरच्या हवेत भिंतीसुद्धा घामेजतात आणि आत पट्ट्या कापण्याची व पाऊचमध्ये भरण्याची खोली मात्र कोरडीठाक ठेवावी लागते, कारण वाळवलेल्या सोन्याला दमट हवा लागली की ते पट्टीवरून नीट सुटत नाही. एका वर्षी आमच्या एका लॉटच्या पाऊचचे सील एका कडेला पुरते बसले नव्हते. कारखान्यातल्या तपासणीत तो लॉट पास झाला आणि काही आठवड्यांनी एका आरोग्य केंद्रातून फोन आला की कंट्रोल रेषाच उमटत नाही. परत आलेल्या पाऊचमधील शोषकाची पुडी फोडली तेव्हा दाण्यांचा रंग पार बदललेला होता. कंट्रोल रेषा गेली म्हणून तो दोष निदान कळला तरी. ती फिकट का होईना दिसत राहिली असती आणि टेस्ट रेषा तेवढी दुबळी झाली असती, तर किती तापकऱ्यांना मलेरिया नाही असे सांगून घरी पाठवले गेले असते, या विचाराने त्या महिन्यात मला नीट झोप लागली नाही. सगळा लॉट नष्ट केला आणि त्यानंतर सीलची तपासणी प्रत्येक पाळीला होऊ लागली.

तरीही पट्टीची रसायने हा या कामाचा सोपा भाग आहे, असे माझे मत इतक्या वर्षांनंतर झाले आहे. अवघड भाग आहे तो रुग्णांच्या नमुन्यांचा. चाचणी कोणत्या रक्तावर पारखली, ते रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले होते आणि शेजारी ठेवलेले ‘निगेटिव्ह’ नमुने नेमके कोणाचे होते, या तीन प्रश्नांवर चाचणीची किंमत ठरते. निरोगी रक्तदात्यांचे नमुने निगेटिव्ह म्हणून वापरले तर कोणतीही चाचणी चांगली दिसते. खऱ्या दवाखान्यात निरोगी माणूस येत नसतो. तिथे डेंग्यूच्या शेजारी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा), लेप्टोच्या शेजारी मलेरियाचा रुग्ण बसलेला असतो आणि त्यातल्या एखाद्या संधिवाताच्या रुग्णाच्या रक्तातील र्‍हुमॅटॉइड फॅक्टर पट्टीवरच्या प्रतिपिंडांना भलतीकडेच जोडून खोटी रेषा उमटवू शकतो. म्हणून निगेटिव्ह नमुन्यांची पेटी अशाच इतर तापांनी आणि व्याधींनी भरलेली असली पाहिजे, असा आग्रह मी धरते आणि त्यामुळे कामाला उशीर होतो हेही मान्य करते.

दिवसाचे महत्त्व डेंग्यूत सर्वांत स्पष्ट दिसते. विषाणूचे एनएस१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात सापडते, तर संसर्गानंतर शरीर स्वतः बनवते ती आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात. दुसऱ्या दिवशी केवळ आयजीएमची पट्टी लावली किंवा आठव्या दिवशी केवळ एनएस१ची, तर डेंग्यू असूनही पट्टी कोरी राहू शकते. ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्या जुन्या प्रतिपिंडांनी एनएस१ला आधीच वेढलेले असते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला ही पट्टी आणखी कमी विश्वासार्ह ठरते आणि नेमका दुसऱ्या खेपेचाच डेंग्यू गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. लेप्टोचेही असेच आहे. चिखलात उभे राहून लावणी करणारा माणूस तापाच्या दुसऱ्या दिवशी आला तर आयजीएमची पट्टी बहुधा काही सांगणार नाही. अशा वेळी डॉक्टरांनी पट्टीची वाट न पाहता औषध सुरू करणे हेच योग्य असते.

हे सारे मला कागदावर ठाऊक होते. कळले ते माझ्या धाकट्या काकांच्या तापात. आमचे घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईपासून आत. मार्च महिना म्हणजे काजूचा हंगाम, काका पहाटेपासून डोंगरावर बोंडू गोळा करत होते. अचानक कडक ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी आणि हातापायांचे स्नायू पिळवटून निघाले. मलेरियाची पट्टी कोरी, डेंग्यूची पट्टी कोरी, म्हणून एका दवाखान्यातून गोळ्या देऊन घरी पाठवले. काकूने मला वेर्ण्याला फोन केला आणि विचारले, “अगं, तुझ्याच त्या पट्ट्या ना? दोन्हीत काही नाही म्हणाले, मग हा माणूस उठून बसत का नाही?” मी त्यांना लगेच मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितले. तिथे काकांचे रक्त माकडतापासाठी प्रयोगशाळेत पाठवले गेले आणि ते पॉझिटिव्ह आले. काका बरे झाले, पण पुन्हा डोंगर चढायला त्यांना पावसाळा उजाडला.

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकात, तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसेही आजारी पडली, तेव्हा हा विषाणू ओळखला गेला. तो रानातल्या गोचिडांमधून माणसाला होतो. २०१५ साली आमच्या सत्तरीत त्याचे रुग्ण आढळले. गोचिडांचा सुळसुळाट आणि काजूचा हंगाम एकाच काळात येतात, हे आमच्या तालुक्याचे दुर्दैव. सुमारे तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात. काही रुग्णांत ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो आणि मेंदूवर परिणाम करतो, म्हणून ‘ताप गेला, पट्टीतही काही नव्हते’ एवढ्यावर समाधान मानणे इथे धोक्याचे आहे. निदानासाठी पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर आणि नंतर आयजीएम एलायझा (प्रतिपिंडे शोधणारी तपासणी) हाच मार्ग आहे आणि दोन्हीला एरवी प्रयोगशाळा लागते.

काकांच्या पट्ट्या कोऱ्या आल्या त्यात पट्ट्यांचा काहीच दोष नव्हता. मलेरियाची पट्टी मलेरियाबद्दल आणि डेंग्यूची डेंग्यूबद्दल खरेच बोलली होती. ‘काही नाही’ हा शब्द माणसांनी आपल्या पदरचा घातला. मात्र तसा तो घातला जाणार हे ज्याला चाचणी बनवताना सुचत नाही, त्याने आपले काम अर्धेच केले असे मी आता मानते.

समाधानाची गोष्ट म्हणजे माकडतापाची तपासणी रानाजवळ कशी न्यायची, या प्रश्नावरचे एक उत्तर गोव्यातच तयार झाले. मोलबायो या गोव्यातील कंपनीने बंगळुरूच्या बिगटेकसह विकसित केलेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र आहे आणि क्षयरोगासाठी त्याला २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या सहकार्याने त्याच यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणीही विकसित झाली आहे. पट्टीइतकी ती स्वस्त आणि साधी नाही, शिकलेला तंत्रज्ञ लागतोच. पण विषाणूच्या जनुकावर बोट ठेवणारी तपासणी रानाच्या कडेच्या आरोग्य केंद्रापर्यंत नेता येते, हे त्यातून सिद्ध झाले. काजूच्या हंगामात सत्तरीतील प्रत्येक आरोग्य केंद्रात ही सोय कायम असावी, असे मला मनापासून वाटते.

आता उलट बाजू. जिथे काही नाही तिथे रेषा दाखवणारी चाचणी किती घातक असते, याचा धडा आपल्या देशाने क्षयरोगात घेतला आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या देशभर खपत होत्या. त्या क्षय नसलेल्याला क्षयरोगी ठरवत होत्या आणि असलेल्याला सोडून देत होत्या. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ च्या जूनमध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. आमच्या क्षेत्रात येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी हा प्रसंग आधी सांगते आणि मग एक हिशेब करायला लावते. चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के, म्हणजे शंभर रुग्णांतले ९५ ती ओळखते; विशिष्टता ९५ टक्के, म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या ९५ जणांना ती निरोगीच ठरवते. ऐकायला उत्तम. आता १०,००० माणसे तपासा, ज्यांत १०० जणांनाच रोग आहे. त्या १०० पैकी ९५ सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांतही ४९५ जणांची पट्टी पॉझिटिव्ह येईल. म्हणजे एकूण ५९० पॉझिटिव्ह आणि त्यांतले खरे रुग्ण ९५, शंभरातले जेमतेम सोळा. तीच पट्टी तापाने फणफणलेल्या माणसांच्या रांगेत लावली की हे प्रमाण पुष्कळ सुधारते. मुले हिशेब दोनदा करून पाहतात, आकडा बदलत नाही.

मलेरियाची पट्टी या सर्वांत जुनी आणि सर्वांत उपयोगी. पण तिच्यातही खोच आहे. फाल्सिपेरम जातीचा परजीवी एचआरपी२ नावाचे प्रथिन सोडतो. ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते, म्हणून मागच्या महिन्यात उपचार झालेल्या माणसाची रेषा आजचा ताप कशाचा हे सांगत नाही. गोव्यात जास्त आढळणाऱ्या व्हायवॅक्समध्ये हे प्रथिन नसते, त्याला एलडीएच हे परजीवीचे दुसरे प्रथिन शोधणारी वेगळी रेषा लागते. शिवाय फाल्सिपेरमच्या काही वाणांनी एचआरपी२चे जनुकच गमावल्याचे २०१० साली पेरूतील नमुन्यांतून उघड झाले. असा परजीवी केवळ एचआरपी२वर विसंबलेल्या पट्टीच्या नजरेतून निसटतो. चाचणी एकदा बनवून संपत नाही ती अशी.

नव्या पट्टीची अखेरची पारख आम्ही आरोग्य केंद्रात बसून करतो. गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका केंद्रात दोन दिवस होते. वीज गेलेली, बाहेर अंधारून आलेले, बाकावर सोळा-सतरा माणसे आणि पट्ट्या लावायला एकच परिचारिका. पट्टी वीस मिनिटांनी वाचायची आणि अर्ध्या तासानंतर वाचायची नाही, असे आमच्या कागदावर छापलेले होते, कारण वाळत चाललेल्या पट्टीवर नसलेली रेषा उमटू शकते. पण सात पट्ट्या ओळीने मांडल्यावर कोणती कधी लावली हे लक्षात कसे राहावे? बफरची बाटली रिकामी झाली तेव्हा सहकाऱ्याने शेजारचे सलाइन पुढे केले आणि तिने ते वापरू दिले नाही, दुसरे खोके उघडले. सलाइनने खोटी रेषा येऊ शकते हे तिला कोणीतरी कधीतरी नीट समजावून सांगितले होते.

ती प्रत्येक कॅसेट, म्हणजे पट्टी बसवलेली प्लास्टिकची डबी, खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे तिरकी धरत होती. मी जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक कॅसेटच्या पांढऱ्या प्लास्टिकवर तिने बॉलपेनने दोन गोष्टी लिहिल्या होत्या, लावल्याची वेळ आणि तिच्या खाली तापाचा दिवस. ‘११.४०, दि. २.’ ‘११.५५, दि. ६.’ दुसऱ्या दिवसाच्या कोऱ्या पट्टीवाल्याला ती परवा पुन्हा यायला सांगत होती, सहाव्या दिवसाच्या कोऱ्या पट्टीवाल्याचे रक्त बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवण्यासाठी वेगळे काढत होती. आमच्या कॅसेटवर नाव लिहायला जागा होती, या दोन गोष्टींना नव्हती. परतल्यावर मी साच्याचे रेखाचित्र काढले आणि त्यावर दोन चौकोन आखले.