नऊ सदतीसची अपॉइंटमेंट

छोट्या दवाखान्यांचे आणि ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. गेल्या शनिवारी दादरला रानडे रोडजवळच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये कॅलेंडर बसवायला गेलो होतो.

मॅडमची अट एकच होती, पेशंटची नावं बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर जायला नकोत. म्हणून सगळं मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही घेऊन स्वतःच्या मशीनवर चालवता येणारं सॉफ्टवेअर घेतलं. माळ्यावरच्या जुन्या पीसीवर लिनक्स ही सिस्टम टाकून रॅडिकेल हा कॅलेंडर सर्व्हर, रिसेप्शनच्या ताईंकडे कॅलेंडर बघायला थंडरबर्ड, डॉक्टरांच्या फोनवर सर्व्हरशी जुळवून घेणारं डॅव्हएक्स-फाइव्ह आणि कॅलेंडर दाखवणारं एटार. फोनची अ‍ॅप्स एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅप-स्टोअरवरून घेतली की सगळं फुकट. रॅडिकेल मला मनापासून आवडतो. प्रत्येक नोंद तो साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की झाला बॅकअप.

टाइमझोन निवडताना ताई मागे उभ्या होत्या. "यात आपली मुंबई कुठाय?"

"नसते. कोलकाता घ्यायचं. देशाची वेळ एकच."

"मग कोलकात्याची कशाला?"

मी उत्तर न देता पुढचं बटण दाबलं.

महिन्याच्या अपॉइंटमेंट एक्सेलमध्ये होत्या. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने त्यांच्या आयसीएस, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदींच्या फाइली करून त्या सर्व्हरवर चढवल्या. २१४ ओळी, २१४ नोंदी. आमच्या धंद्यात आकडा जुळला की काम झालं म्हणतात. मीही म्हटलं, आणि वर ताईंना सांगितलं, "आता रजिस्टर रद्दीत घाला."

त्यांनी ते उघडलं. सोमवारच्या पानावर पेन्सिलने लिहिलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. "दादा, हे गुडघ्याचे आजोबा दहाला आहेत. इथे नऊ सदतीस कसे?" पुढचे साडेदहाचे, ते दहा सातला. "सगळेच तेवीस मिनिटं आधी आलेत."

साडेपाच तासांचा फरक असता तर मी लगेच ओळखला असता, यूटीसीचा, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेचा तो घोळ नेहमीचा. तेवीस मिनिटं कधी पाहिली नव्हती. पीसीचं घड्याळ, फोनचं घड्याळ, सिंक तपासण्यात तास गेला. शेवटी सर्व्हरवरची आजोबांची फाइल उघडली. साधा मजकूर, म्हणून डोळ्यांना दिसलं. दहाची वेळ ०४०७००, म्हणजे चार वाजून सात मिनिटं, अशी लिहिलेली, पुढे यूटीसीची खूण झेड. हवं होतं ०४३०००. दहातून साडेपाच तास वजा व्हायचे, ते ५ तास ५३ मिनिटं झाले होते.

५:५३ ही कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, भारतीय प्रमाणवेळ येण्याआधीची. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये शहराच्या घड्याळाचा सगळा इतिहास असतो, आणि पायटीझेड या पायथॉनच्या तयार कोडच्या लायब्ररीत झोन तारखेला थेट चिकटवला की त्यातली सगळ्यात जुनी वेळ लागते. योग्य वेळ लागावी म्हणून तिचंच लोकलाइझ हे फंक्शन वापरायचं असतं. तिच्या माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलंय. मी वाचलं नव्हतं. एक ओळ बदलली, नोंदी पुसल्या, पुन्हा चढवल्या.

ताईंना कारण सांगितलं. "म्हणजे खरंच कोलकात्याचीच वेळ लागली होती की!" मग म्हणाल्या, "आमचे आजोबा मुंबई टाइम म्हणायचे." तेही होतंच. आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची स्वतःची वेळ इथे १९५५ पर्यंत चालली.

त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा थांबलो असतो तरी स्क्रिप्टची चूक सापडली असतीच असं नाही. पण रजिस्टर रद्दीत घाला हे मी कशाच्या जोरावर बोललो, ते मला अजून कळत नाही. ते नसतं तर दहाचे आजोबा दहालाच होते हे कुणाला विचारणार होतो?

या वेळी आकडा मोजून थांबलो नाही. मी स्क्रीनवरून नाव आणि वेळ वाचायचो, ताई रजिस्टरमध्ये पेन्सिलने बारीक टिक करायच्या. २१४ टिका होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले.