मराठवाड्यात ज्वालामुखी कुठे आहे?

लातूरला राहून ज्वालामुखीचा आवाज टिपणारे डबे कशासाठी बनवता, असे मला सतत विचारले जाते. पूर्वी मी पायाखालच्या काळ्या पाषाणाकडे बोट दाखवीत असे. पण तो लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या आधाराने आजच्या कामाचे समर्थन करणे मला आता पटत नाही.

ज्वालामुखीच्या आवाजाचा मोठा भाग 20 हर्ट्झच्या खालचा, म्हणजे कानाला न ऐकू येणारा असतो. ढगांमुळे उपग्रहाला विवर दिसले नाही, तरी हा आवाज पोचतो. चिलीतील व्हियारिका 2015 मध्ये उसळण्यापूर्वी विवरातला लाव्हा वर चढत गेला, तसतसा त्याचा सूर बदलला होता. मात्र विवराजवळचे उपकरण राख, आम्लधर्मी वायू आणि दगडांच्या माऱ्यात केव्हाही जाऊ शकते, आणि आवाजाची दिशा कळायला किमान तीन लागतात. स्वस्ताईचा आग्रह त्यासाठी आहे, हौसेखातर नाही.

चाचणीला मराठवाडा उत्तम आहे. खडीच्या खाणीतल्या सुरुंगाची लाट तीन किलोमीटरवर सुमारे नऊ सेकंदांनी पोचते, त्यावरून डबा पारखता येतो. खरा त्रास वाऱ्याचा. ठिबकच्या जुन्या नळ्यांना दाभणाने भोके पाडून मी त्या डब्याभोवती पसरतो. झुळूक प्रत्येक भोकाशी वेगळी असते, आवाजाची लांब लाट मात्र सगळीकडे जवळपास सारखी, त्यामुळे सरासरीत वारा बराच विरतो.

निलंगा तालुक्यातल्या एका गावात जमिनीतून आवाज येऊ लागले आणि लोक अंगणात झोपू लागले, तेव्हा मला बोलावणे आले. शाळेच्या आवारात मी नळ्या अंथरत असताना एक आजी शेजारी येऊन बसल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत त्यांचे माहेर गाडले गेले होते. “लेकरा, ह्या डब्याला आधी कळतं का?” मी म्हणालो, “नाही, आजी. भूकंपाचं आधी कुणालाच सांगता येत नाही.” त्या बराच वेळ नळीकडे पाहत राहिल्या. “मग इथं कशाला आणलास बाबा?” ज्वालामुखी पुष्कळदा आधी खुणा देतो, हे मी त्यांना समजावू लागलो आणि मध्येच थांबलो, कारण त्यांना त्या रात्री घरात झोपावे की नाही एवढेच हवे होते.

आता हे डबे अंदमानच्या बॅरन बेटावर, भारतातल्या एकमेव जागृत ज्वालामुखीवर, ठेवण्याची माझी इच्छा आहे. तिथे माणसे राहत नाहीत, हे मला माहीत आहे. निर्मनुष्य बेटावर डबा टिकला तरच तो वस्तीच्या डोंगरावर नेता येईल, असे मी म्हणतो; आजींना हे उत्तर मी अजून दिलेले नाही.