हे मी सगळ्यांना दाखवत नाही

बुधवार, रात्री

प्राची दुपारी साड्या फॉल-पिकोला टाकायला आली आणि जाताना माझी दुपार घेऊन गेली. तिचा काही दोष नाही. नवं लग्न झालेल्या पोरी बालीचे फोटो दाखवणारच. मीही कौतुकानं बघत होते. हा केलिंगकिंगचा कडा, हा डायमंड बीचचा जिना, हो हो, मी तिथं वरूनच बघितलं गं, माझे गुडघे. मग एक फोटो आला. पडवीत जमिनीवर पाय लांब करून बसलेली म्हातारी, कमरेमागं मागाचा पट्टा, मांडीवर लाल-जांभळं नागमोडी नक्षीचं कापड. शेजारी प्राची, खांद्यावर तसलंच कापड टाकून हसतेय.

ती म्हातारी माझी होती.

हे वाक्य लिहून खोडणार होते. राहू दे. इथं नाही लिहायचं तर कुठं.

मी शक्य तितक्या सहज विचारलं, "तिथं कसं काय गेलात गं? ते तर कुणाला माहीत नसतं." तर म्हणते, "गाईडनं नेलं काकू. म्हणाला, दीदी, हे मी सगळ्यांना दाखवत नाही." आणि हसली. मीही हसले. वहिनींनी फोन घेतला आणि पुढचे फोटो बघायला लागल्या. माझा चहा तसाच राहिला.

मला तो 'मॅडम' म्हणाला होता. वाक्य तेच.

खरं तर आमच्या बालीच्या ट्रिपमध्ये त्या दिवशी आम्ही सगळेच नुसा पेनिडाला, शेजारच्या बेटावर, जाणार होतो. पहाटे नातीला, अन्वीला, ताप भरला. मनू म्हणाली, "गाडी, गाईड, बोट, सगळ्याचे पैसे भरलेत आई, परत मिळणार नाहीत. तू जा." कुठल्या सुरात म्हणाली, त्यावर वेगळं पान लिहावं लागेल, ते आज नको. गेले. सानूरच्या धक्क्यावरून बोट सुटली. चपला आधीच काढून टोपलीत टाकायला लावल्या होत्या. पर्स पोटाशी धरून बसले होते. मागं आगुंग पर्वत ढगातून डोकं काढत होता, तीन हजार मीटरच्या वरचा, जागता ज्वालामुखी. पाऊण तास सगळे परदेशी लोक व्हिडिओ काढत होते आणि मी रामरक्षा म्हणत होते. पलीकडं उतरले तर माझ्या नावाची पाटी घेऊन एक पोरगा उभा. नावात दोन चुका होत्या, पण नाव माझंच.

वायन. तिथं नावाचा हिशोब सोपा आहे. पहिलं मूल वायन, दुसरं माडे, तिसरं न्योमन, चौथं केतुत, आणि पाचवं झालंच तर पुन्हा वायन. अजूनही काही नावं असतात म्हणे, पण बहुतेक कारभार या चौघांवर चालतो. मुलगी असो की मुलगा. धक्क्यावर कुणीतरी "वायन" अशी हाक मारली तर निम्मे ड्रायव्हर वळून बघायला लागले. मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

पूर्ण गाडी माझ्या एकटीची. आपण ट्रिपा केल्या त्या अष्टविनायकाच्या बसमधून, शिट्टी वाजली की पळायचं, अर्धं दर्शन झालं की मॅनेजर घड्याळ दाखवणार. आणि इथं एक माणूस दिवसभर फक्त मला विचारतोय, थकलात का, पाणी हवं का, इथं बसायचं का अजून. घरात मला हे शेवटचं कुणी विचारलं होतं ते... असो.

केलिंगकिंगला ही गर्दी. डायनासोरच्या डोक्यासारखा कडा समुद्रात उतरलाय आणि त्याच्यापुढं उभं राहायला रांग. रांगेत फोटोची पोझसुद्धा ठरलेली, हात वर, पाठ कॅमेऱ्याकडं. खाली वाळूवर जायला काठ्यांच्या कठड्याची उभी वाट आहे. वायन म्हणाला, तुम्ही नाही जायचं, आणि खाली गेलेल्यांनीही पाण्यात नाही जायचं, तिथला समुद्र वरून निळाशार दिसतो पण आत ओढतो, माणसं गेलीत. मग आम्ही झाडाखाली बसलो आणि मी डब्यातलं भडंग काढलं. त्यानं मूठभर खाल्लं आणि विचारलं, अजून तिखट नाही का? सांगलीच्या भडंगाला असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

तिथं बसून बरंच बोललो. बेट सगळं चुनखडीचं. पाऊस पडतो तो दगडात मुरतो, नद्या नाहीत म्हटलं तरी चालेल. गोड्या पाण्याचे झरे आहेत ते कड्याच्या पायथ्याशी, पार समुद्राला टेकून. म्हणून घरोघरी पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या. शेतात मका आणि कसावा. जुन्या काळी बालीतले क्लुंगकुंगचे राजे ज्याला शिक्षा द्यायची त्याला या बेटावर आणून सोडायचे. हे ऐकून मला आमच्याकडचं दुष्काळी जत-आटपाडी आठवल्याशिवाय कसं राहील? पूर्वी आमच्यातही नावडत्या मास्तरांची बदली तिकडंच व्हायची. मी त्याला 2016 चं सांगितलं, मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याला खरं वाटेना. बालीत रेल्वेच नाही, हा गडी कधी रेल्वेत बसलेला नाही, आणि मी त्याला रेल्वेतून पाणी नेल्याचं सांगतेय! मग म्हटलं, आणि 2019 ला त्याच आमच्या गावात घरात पाणी शिरलं होतं. तर म्हणाला, मॅडम, तुमच्या देवाचा मूड बदलतो.

त्याची आई समुद्रात शेवाळ लावायची. दोऱ्यांना रोपं बांधून उथळ पाण्यात सोडायची, वाढलं की काढायचं, वाळवायचं, विकायचं. आइस्क्रीम घट्ट राहावं म्हणून घालतात त्यातलं काहीतरी त्या शेवाळातून निघतं. प्रवासी वाढले, सगळे बोटी-गाड्यांच्या मागं लागले, आईनं शेवाळ सोडलं. 2020 ला प्रवासी बंद झाले तेव्हा सगळं घर परत त्याच पाण्यात. हेही तो सगळ्यांना सांगत असेल का? असेल. प्राचीला विचारायला हवं होतं. बरं झालं नाही विचारलं.

मग गिरी पुत्रीची गुहा. पायऱ्या चढून वर गेलं की जमिनीत एक भोक, एवढंसं, की माणूस बसून, वाकून, सरपटतच आत जाणार. आपलं दंडोबाचं देऊळही डोंगराच्या पोटात आहे, पण तिथं निदान ताठ मानेनं जाता येतं. मी म्हटलं, मी बाहेर थांबते. वायन आधी आत गेला आणि आतून हात लांब करून वरच्या खडकाला तळवा लावून धरला, माझं डोकं आपटू नये म्हणून. आत केवढी मोठी पोकळी! माणसं मांडी घालून पूजेला बसलेली. पुजाऱ्यानं तीर्थ शिंपडलं, ओंजळीत दिलं, आणि ओले तांदूळ माझ्या कपाळाला लावले. मी मागं सरकणार होते. त्याला कुठं काय माहीत. तिथं विचारत नाहीत, सगळ्यांना लावतात. गाडीत आरशात दिसत होते ते दाणे, बराच वेळ पडले नाहीत.

आणि मग मी त्याच्या कमरेच्या कापडाबद्दल विचारलं. धंद्याची खोड, दुसरं काय. माझी नजर समुद्राआधी कापडावर जाते. तिथं झाडांना, दगडी मूर्तींना काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळतात, तेही मी सकाळपासून चार ठिकाणी चिमटीत धरून बघितलं होतं. त्यानं गाडी जरा हळू केली, घड्याळ बघितलं, म्हणाला, मॅडम, आपल्या यादीत नाही, पण एक गाव आहे डोंगरावर. हे मी सगळ्यांना दाखवत नाही.

तांगलाद. त्या म्हातारीचा माग म्हणजे तिचं स्वतःचं अंग. एक टोक पुढं बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेला, ती मागं रेलली की ताणा घट्ट, पुढं झुकली की सैल. रांगरांग म्हणतात त्या कापडाला, नागमोडी पट्टे आणि मधे मुद्दाम सोडलेली बारीक बारीक भोकं. मी उलट बाजू बघितली, काठ बघितला, रंग बोटाला लागतो का बघितलं. म्हातारी माझ्याकडं बघून खुदकन हसली. तिनं ओळखलं की ही गिऱ्हाईक नाही, ही धंद्यातली आहे. लाल रंग झाडाच्या मुळाचा, असं तिनं मूळच आणून दाखवलं. मग कापड माझ्या खांद्यावर टाकलं, एक पाऊल मागं सरली, मान वाकडी करून बघितलं. मी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकून बघते, अगदी तसं. वायन बाहेर उभा होता, आम्हाला त्याची गरजच नव्हती.

परत आल्यापासून मनूलाही यातलं फारसं सांगितलं नव्हतं. समुद्र छान होता, बोट हलत होती, एवढंच. हे एक ठेवून दिलं होतं. अन्वीला ताप, जावयांची चिडचिड, माझं एकटीनं जाणं, या सगळ्यातून मला काहीतरी मिळालं होतं आणि ते यादीत नव्हतं. कुणीतरी माझ्याकडं बघून ठरवलं होतं की हिला हे दाखवावं. आणि आज कळलं की ते यादीतच होतं. बाईमाणसाला विणकरीण, जोडप्याला जिना, असं काहीतरी पाठ केलेलं. प्राचीला कापडातलं काय कळतं? ती माझ्याकडं कांजीवरम म्हणून सेमी-सिल्क दाखवलं तरी घेऊन जाईल. तिलाही तेच वाक्य?

मग खडकाला लावलेला हात? तोही पॅकेजमध्येच होता का?

जेवताना एक सुचलं. प्राचीचा वायन हा माझा वायन नसेलच कदाचित. गाईड फोटोत कधी नसतोच, फोटो तोच काढतो. तिनं बुकिंग दुसरीकडून केलं होतं. आणि बेटावर वायन किती! जरा बरं वाटलं, भात घेतला. दोन घासांनी लक्षात आलं की हे तर आणखी वाईट. म्हणजे बेटावरचे सगळेच वायन तेच वाक्य म्हणतात.

आणि मग, खरं सांगायचं तर, ताक पिता पिता मला हसू फुटलं. 'वहिनी, ही तुमच्यासाठीच बाजूला काढून ठेवली होती.' हे कोण म्हणतं? विश्रामबागेत अर्ध्या गल्लीला विचारा. कापड पेठेतली एवढी मोठमोठी दुकानं सोडून बायका माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर येऊन बसतात त्या काय भावासाठी? प्रत्येकीला वाटतं, गठ्ठा सुटला तेव्हा हिला आपली आठवण झाली. आणि ते खोटं नसतं हो! म्हणजे गठ्ठा सोडताना नसते झालेली आठवण. पण ती समोर बसते, मी इरकल उलगडते, तिचा चेहरा बघते, आणि त्या मिनिटाला ती साडी तिच्यासाठीच ठेवलेली असते. बुधगावच्या काकूंसाठी तर मी खरंच ठेवली होती, दसऱ्याला, दोघी मागत असताना दिली नाही. त्यांना वेगळं कसं कळणार? वाक्य तर तेच.

तेव्हा वायनकडं कुठल्या तोंडानं रुसायचं. कमिशन? घेतलंच असेल. मी सुनंदाला देत नाही का गिऱ्हाईक आणल्यावर? धक्क्यावर निघताना मी त्याला एक लाखाची नोट दिली, आपले पाचशेच्या आसपास, पण लाख म्हणायला बरं वाटतं. त्यानं दोन्ही हातांनी घेतली. मी तोवर वाकून बोटीच्या टोपलीत चपला टाकत होते, तर म्हणाला, डोकं सांभाळा मॅडम, वर लोखंड आहे. हे मात्र त्यानं कुठं पाठ केलं असेल असं वाटत नाही. असलं तरी असो.

एक चूक मात्र त्यानं केलीये, धंद्याच्या दृष्टीनं. प्राचीनं तिचं कापड कितीला घेतलं ते मी तिला विचारलं. माझ्यापेक्षा बरंच स्वस्त पडलं तिला. मला, काठ उलटून बघणारीला जास्त, आणि तिला कमी! दुपारी सगळ्यात जास्त काय बोचलं असेल तर हेच असावं, आत्ता लिहिताना कळतंय.

त्याचा नंबर होताच. मेसेज टाकलाय: म्हातारीकडून लाल-जांभळ्यात सहा नग हवेत, दिवाळीपर्यंत, पोस्टाचा खर्च वेगळा सांग, आणि तुझं कमिशन धरून नीट भाव लाव. प्राचीनं दिलेला भाव मला माहीत आहे, हेही लिहिलं. अजून टिका निळ्या नाहीत. तिकडं अडीच तास पुढं चालतं, झोपला असेल. सकाळी जो आकडा येईल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची.