पूर्वाश्रमीची

सोमवार, २८ एप्रिल २०२५, अमळनेर

परवा आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. आईला पारोळ्याला मामाकडे जायचंय आणि जाताना कागद सोबत हवेत. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं जुनं नाव लागलंय, आधार कार्डावर सासरचं. या दोन बाया एकच आहेत, असं लिहून द्यायचं होतं, म्हणून सकाळी दोघी तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. त्यानं मजकूर भराभर वाचून दाखवला. ‘माझे पूर्वाश्रमीचे नाव’ इथवर आला आणि आईनं त्याला थांबवलं.

“मी कोनता आश्रममा व्हतू व माय?”

तो हसला, मीही हसले. आई हसली नाही. तिला खरंच कळायला हवं होतं.

रसवंतीवर बसून मला जमेल तसं सांगितलं. आश्रम म्हणजे इथे आयुष्याचा टप्पा. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास. संन्यास घेणारा जिवंतपणीच स्वतःचं श्राद्ध करतो, घर सोडतो, जुनं नावही सोडतो. त्याला मागचं कुणी विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही. सांगायची वेळ आलीच तर ते पूर्वाश्रमीचं. स्वामी विवेकानंद पूर्वाश्रमीचे नरेंद्रनाथ दत्त, तसं.

“मंग मना श्राद्ध कवय घालं?” आई म्हणाली. मग माझं श्राद्ध कधी घातलं?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निधनवार्तेत, सत्काराच्या बातमीत, कोर्टाच्या कागदात हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेल, कधी अडखळले नाही. हल्ली तो पक्ष बदललेल्या पुढाऱ्यांनाही लावतात. त्यांना पूर्वाश्रमात परत जायची सोय असते, ती गोष्ट वेगळी. पण लग्न झालं म्हणून एखाद्या पुरुषाला ‘पूर्वाश्रमीचे’ म्हटलेलं मी पाहिलं नाही. मजा अशी की शास्त्राप्रमाणे मुंज होऊन, ब्रह्मचर्य संपवून गृहस्थाश्रमात शिरतो तो पुरुष. म्हणजे आश्रम बदलला नवऱ्याचा आणि शब्द चिकटला बायकोला.

आईचं तर पहिलं नावही बदललं होतं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं वर नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले. जुन्या नावानं हाक मारणारा आता एक मामाच उरलाय.

आमच्या गल्लीत मात्र चाळीस वर्षं तिला ‘पारोयावाली’च म्हणतात. सासरच्या गावात बाईची ओळख माहेरच्या गावावरून, आणि पारोळ्यात पाय ठेवला की एखादी म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारणार, “कोननी आंडेर शे तू?” कुणाची लेक तू? तिथं आधार कार्ड चालत नाही, आजोबांचं नाव सांगावं लागतं. बहिणाबाईंचंच बघा. १८८० साली आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधऱ्यांकडे आल्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव लागलं ते चौधरी. ते रीतीप्रमाणेच झालं, पण इकडे त्यांचा विषय निघाला की आसोद्याचा उल्लेख आल्याशिवाय बोलणं संपत नाही.

माहेर हा शब्द मातृगृहावरून आला आणि सासर सासऱ्याच्या घरावरून, हेही मी आईला सांगितलं. तिला ते फार आवडलं. “मंग ते लिखाले काय व्हतं त्याले?”

आणि आखाजीला ती जाते ती कुठं? गौराई बसलेली असते, लिंबाला झोके बांधलेले असतात. सासरी गेलेल्या लेकींना आणायला पूर्वी मुराळी यायचा, आता मामाचा फोन येतो. गुडघे दुखतात म्हणून आई जिना चढत नाही, पण गेल्या वर्षी झोक्यावर उभी राहून गाणं म्हणत होती. हा कसला पूर्वाश्रम, जिथं दर वैशाखात सांजोऱ्या तळायला जावं लागतं!

रस संपवून परत गेलो. टायपिंगवाला कुरकुरला, म्हणाला कोर्टाची भाषा अशीच असते. आई खुर्चीवरून उठली नाही. शेवटी त्यानं ‘माहेरचे नाव’ असं टाइप केलं आणि पहिला कागद टोपलीत टाकला. आईनं तो काढून घेतला, मागून कोरा आहे म्हणून.

खाली दोन्ही नावांनी सह्या करायच्या होत्या. सासरची तिनं एका दमात केली. दुसरीपाशी पेन थांबलं. मग टाकलेला कागद उलटा करून तिनं जुनं नाव लिहून पाहिलं, आधी लांब शिरोरेघ ओढून, खाली एकेक अक्षर लोंबतं सोडत. तीनदा लिहिलं. आडनावाचा ‘ळ’ तिसऱ्या वेळी नीट आला.

मग खऱ्या कागदावर सही केली, आणि तो उलटा कागद चार घड्या घालून पिशवीत, पंच्याच्या घडीत ठेवला. मामाला दाखवायला.