हक्कसोडीच्या आधीचा अर्धा तास

आषाढातली गोष्ट. दुय्यम निबंधक कार्यालयात एका भावाने तयार दस्त माझ्या हातात दिला. वकील म्हणून मला फक्त ओळख पटवायची होती. टोकन लागलेलं, आई आणि दोन्ही बहिणी आधार कार्ड हातात धरून बाकावर बसलेल्या.

"कशाची सही करताय, ताई?" मी थोरलीला विचारलं.

"वारसाची. आबांच्या जागी आमची नावं लावायचीत ना."

नावं तर कधीच लागली होती. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ, दोन बहिणी अशी पाच नावं आली होती. जमीन आबांच्या स्वकष्टाची, 1 हेक्टर 60 आर, मृत्युपत्र नाही. म्हणजे प्रत्येकाचे 32 आर. समोरचा दस्त हक्कसोडपत्राचा होता. तिघींची नावं कमी करून सगळं दोघा भावांकडे जाणार होतं.

मी दस्त मोठ्याने वाचला. 'विनामोबदला, राजीखुशीने, कायमचा' या शब्दांवर थोरलीने आधार कार्ड पिशवीत ठेवलं.

भाऊ म्हणाला, "सोसायटीच्या कर्जाला दरवेळी सगळ्यांच्या सह्या कुठून गोळा करू? आणि लग्नात खर्च केलाच की." सह्यांची अडचण खरी असते, पण तिच्यासाठी हक्क सोडावा लागत नाही, कर्जापुरतं संमतीपत्र किंवा तेवढ्याच कामाचं मुखत्यारपत्र पुरतं. लग्नाचा खर्च मात्र हिश्श्यातून वजा करायची तरतूद कायद्यात नाही. हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी 1956 पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीने तिला मुलासारखाच जन्मापासून हक्क दिला. त्यासाठी त्या दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असायला हवा होता, हा गैरसमज सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला संपवला.

हे सगळं कागदावर पक्कं आहे. तरी हक्क जातो तो याच बाकावर. आत साहेब विचारतात, "दस्त कबूल आहे?" बाई मान हलवते, अंगठा मशीनवर टेकतो, फोटो निघतो. नंतर फसवणूक कळली तर दिवाणी दावा लावावा लागतो, तोही कळल्यापासून 3 वर्षांत. तोवर जमीन तिसऱ्याला विकली गेली तर गुंता आणखी वाढतो. उलट, साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या, नोंदणी न झालेल्या हक्कसोडीने सातबाऱ्यावरचं नाव निघत नाही. "तुम्ही मागेच सही दिलीय" असं कोणी दटावलं, तर आधी त्या कागदाचा नोंदणी क्रमांक विचारावा.

मला सर्वांत घातक वाटते ती आईची हक्कसोड. बहिणीला निदान सासर असतं. आईने 32 आर सोडले की म्हातारपणी औषधालाही हात पसरावा लागतो.

हक्क सोडायला माझा विरोध नाही. माहेर तुटू नये ही भीती मी रोज पाहते, आणि ती खोटी नसते. पण दस्ताची प्रत दोन दिवस आधी बाईच्या हातात पडली पाहिजे, ती भावांच्या गैरहजेरीत वाचली गेली पाहिजे, आणि हक्क नेमका कुणाच्या नावे सुटतोय ते तिला सांगता आलं पाहिजे.

त्या दिवशी टोकन रद्द झालं. पंधरा दिवसांनी धाकटी परत आली, प्रत घरी नेऊन वाचलेली होती. तिने आपला हिस्सा सोडला, पण आईच्या नावे. थोरलीचे 32 आर तिच्याच नावावर आहेत, आईचे आता 64.